सातवा फर्मा

योमतोव कास्टेलने चौतीस वर्षं पुस्तकं बांधली आणि त्यातलं एकही वाचलं नाही, याचा त्याला भारी अभिमान होता. जेरुसलेमात हे सोपं नव्हतं. इथे वांगी तोलणारा भाजीवालासुद्धा तागडी हवेत धरून तुम्हाला होशेय संदेष्ट्याचं वचन ऐकवतो, त्याचा अर्थ तुमच्या बापजाद्यांनाही कसा कळला नव्हता ते सांगतो आणि मगच वांगी पिशवीत टाकतो. अशा गावात हा माणूस दिवसभर हातात पुस्तकं घेऊन बसायचा आणि कशावर मत म्हणून द्यायचा नाही.

"शिंपी विचारतो का, कोट घालून कुठे निघालात म्हणून?" तो म्हणायचा. "मी पाठ बघतो. पाठ सरळ आहे? जुजबंदीची शिवण घट्ट आहे? खळ वाळली? झालं. पोटात काय आहे ते ज्याचं त्याने बघावं."

तरुणपणी तो एकदाच घसरला होता. उस्तादाकडे शिकत असताना योना संदेष्ट्यावरचं एक पुस्तक शिवायला आलं. योना माशाच्या पोटातून सुटतो हे योमतोवला तीन वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. तरी त्या लेखकाने असं काही रंगवलं होतं, की आता हा सुटतो की नाही या घोरात योमतोवने स्वतःच्या सदऱ्याची बाही पुस्तकात शिवून टाकली. बाही कापावी लागली. गिऱ्हाइकाला ती निळी चिंधी म्हणजे वाचनाची खूण वाटली आणि त्याने आभार मानले. उस्तादाने मात्र कान असा पिरगाळला, की तेव्हापासून योमतोव छापील अक्षरांकडे मुंग्यांच्या रांगेकडे बघावं तसं बघायला लागला. आहेत, चालल्यात, चालू देत.

ही गोष्ट टंचाईच्या दिवसांतली. लढाई थांबून तीन वर्षं झाली होती. शहराच्या मधून काटेरी तारा गेल्या होत्या. अंडी रेशनवर, साखर रेशनवर, चपलेचा तळवासुद्धा रेशनवर, आणि कागद तर कुठे दिसतच नव्हता. त्या हिवाळ्यात झोमरबाईंच्या छापखान्यात एकाच महिन्यात दोन हस्तलिखितं आली.

पहिलं हाखाम पिन्हास तवील यांचं. ओहेल मोशे वस्तीतल्या सिनेगॉगचे ते गुरुजी. आवाज पितळी हंड्यासारखा, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि स्वभाव असा की समोरच्याने "सुप्रभात" म्हटलं तरी "कशावरून?" म्हणून विचारायचे. बारा लहान संदेष्ट्यांनी मशीहाबद्दल, म्हणजे येणाऱ्या तारणहार राजाबद्दल, जे जे सांगून ठेवलंय, त्यावर ते अकरा वर्षं लिहीत होते. जखऱ्या संदेष्टा मशीहाला 'कोंब' म्हणतो, म्हणून त्यांनी ग्रंथाचं नाव ठेवलं होतं 'कोंब उगवेल'.

दुसरं पास्टर आर्मास हेइक्किला यांचं. ते फिनलंडहून आलेले, संदेष्ट्यांच्या रस्त्यावर राहणारे, सहा फूट दोन इंच, आणि मनाने लोण्यासारखे. हिब्रू भाषा ते फक्त पवित्र ग्रंथातून शिकले होते, त्यामुळे बाजारातसुद्धा तीच बोलायचे. "हे भाजीवाल्या, पाहा, मी काकड्यांकरिता तुजकडे आलो आहे, मला विन्मुख धाडू नकोस." भाजीवाला त्यांच्यासाठी चांगल्या काकड्या वेगळ्या काढून ठेवायचा, कारण इतक्या मानाने त्याच्याशी त्याची आईही बोलली नव्हती. पास्टरसाहेबांनीही त्याच बारा संदेष्ट्यांवर, त्याच वचनांवर, हिब्रूतच ग्रंथ लिहिला होता. ख्रिस्त्यांच्या मते मशीहा येऊन गेलेला, म्हणून त्याचं नाव होतं 'कोंब उगवला'.

झोमरबाई जर्मनीतल्या ब्रेस्लाऊच्या. शिस्तीच्या. त्यांनी दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी ठेवले, चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाल्या, "क्रियापदाचा काय तो फरक आहे."

त्यांच्याकडे हिब्रू अक्षरांच्या खिळ्यांचा एकच संच धड होता. कागद नव्हताच. पण पास्टरसाहेबांच्या मिशनने फिनलंडहून जहाजाने कागद पाठवला होता, आणि तो हवा होता त्यापेक्षा बराच जास्त आला होता. उरलेला कागद त्यांनी छपाईच्या मोबदल्यात बाईंना दिला. बाईंनी त्याच कागदावर हाखामांचं पुस्तक छापलं. हे हाखामांना कोणी सांगितलं नाही. तेव्हा दोन्ही पुस्तकांचा कागद एक, आकार एक, टाइप एक, सोळा पानांचा एक असे अकरा-अकरा फर्मे, आणि दोन्ही बांधायला आली योमतोवकडे. हाखामांच्या तीनशे प्रती, पास्टरसाहेबांच्याही तीनशे.

शिवणकाम सुरू होणार तोच एका दुपारी पाऊस असा कोसळला, की कार्यशाळेचं छत दोन ठिकाणी गळायला लागलं. योमतोव आणि त्याची बायको जोया यांनी धावाधाव करून गठ्ठे उचलले आणि घरात नेले. काही पलंगावर, काही शिवणयंत्रावर, काही न्हाणीच्या ओट्यावर. पाऊस थांबल्यावर योमतोवने ते परत आणून लावले. फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, तो पाहून. पहिला, दुसरा, तिसरा. दोन वेगळ्या ग्रंथांचे सात नंबरचे गठ्ठे एकमेकांच्या जागी बसले. चुलीजवळच्या मांजरानेसुद्धा एखादी ओळ वाचली असती, तर ते टळलं असतं.

पुस्तकं गेली. हाखामांच्या वस्तीत आनंदीआनंद झाला. ज्यांनी छपाईला हातभार लावला, त्यांची नावं हाखामांनी पहिल्या चार पानांवर छापली होती. प्रत्येक जण हाखामांना रस्त्यात गाठून म्हणायचा, "हाखाम, काय ग्रंथ लिहिलात! हातातून ठेववत नाही." दीड महिना हेच चाललं होतं.

मग एका शनिवारी, शब्बाथच्या दुपारी, हाखाम सिनेगॉगमध्ये त्या ग्रंथावर धडा द्यायला बसले. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नसे. रोजच्या वाचणाऱ्याचा घसा बसला होता. हाखामांनी हवेत बोट फिरवलं आणि ते योमतोववर थांबवलं.

"योमतोव, तू वाच. मीखा संदेष्ट्याचं बेथलेहेम. पान पंच्याण्णवपासून."

"हाखाम, मी वाचत नाही."

"वाचत नाहीस की वाचता येत नाही?"

बाकावरचे लोक हसले. योमतोव उठला. स्वतः बांधलेलं पुस्तक त्याने हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला, शिवण बघितली, समाधानाने मान हलवली.

"वाच म्हटलं, कुरवाळ नाही म्हटलं!" हाखाम म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

दोन पानं बरी गेली. हाखामांची भाषा घोटीव होती. पान शहाण्णवच्या शेवटी ते लिहीत होते: 'तेव्हा ज्याला डोळे आहेत त्याने पाहावं, की मीखाने सांगितलेला, बेथलेहेमच्या मुळाचा तो राजा' आणि योमतोव समोरच्या पानावर गेला. पुढे छापलं होतं: 'येऊन गेला आहे.'

"येऊन..." योमतोव म्हणाला आणि थांबला.

त्याने पानाचा आकडा पाहिला. सत्त्याण्णव. बरोबर होता. मग त्याने पुढची ओळ नुसती डोळ्यांनी वाचली. तिथे गव्हाण होती, मेंढपाळ होते, आणि ख्रिस्त्यांच्या त्या सुताराघरच्या मुलाचं नाव स्पष्ट छापलेलं होतं. शेजारच्याला दिसू नये म्हणून योमतोवने पुस्तक नाकाशी धरलं.

"येऊन काय?" हाखामांनी विचारलं.

"येऊन... जाणार नाही," योमतोव म्हणाला. "एकदा आला की राहील."

"आमेन!" पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

हाखामांची एक भुवई वर गेली. "पुढे."

पुढे लिहिलं होतं, की त्याचा उगम अनादी काळापासून आहे, म्हणजे जग नव्हतं तेव्हापासून तो पित्याजवळ होता. "पित्याजवळ," योमतोव म्हणाला, कारण तो शब्द तोंडातून निसटला होता. "म्हणजे इशायाजवळ. दाविदाचा बाप तो. घराणं जुनं आहे, असं हाखामांचं म्हणणं आहे. आजकालचं नाही."

"अगदी," हाखाम म्हणाले. "पण हे इतक्या थोडक्यात लिहिलंय मी?"

मग हाग्गय संदेष्टा आला. सगळ्या राष्ट्रांना ज्याची ओढ लागलीय तो येईल, असं पान म्हणत होतं. योमतोवने 'तो'चं 'ते' केलं आणि तिथे चांदीची भांडी, गालिचे आणि जैतुणाचं तेल आणून ठेवलं. मग जखऱ्या आला, गाढव घेऊन. राजा नम्र होऊन गाढवावरून या शहराच्या फाटकातून शिरला, लोकांनी वाटेवर झावळ्या अंथरल्या. सगळं भूतकाळात. योमतोवने प्रत्येक क्रियापद धरून भविष्यकाळात ढकललं. शिरेल, अंथरतील, ओरडतील. धाप लागल्यासारखा तो वाचत होता.

"घोडा सोडून गाढव का, तेही लिहिलंय मी," हाखाम डोळे न उघडता म्हणाले. "ते वाच."

पानावर तसलं काही नव्हतं. चाळीस माणसं बघत होती.

"गाढवावरून," योमतोव म्हणाला, "कारण पेट्रोल रेशनवर आहे."

सिनेगॉग हसून हसून दणाणलं. हाखामांनी डोळे उघडले.

"हे मी लिहिलंय?"

"समासात आहे, हाखाम."

"अकरा वर्षांत माणूस काय काय लिहून जातो!" हाखाम पुटपुटले. योमतोवने घसा धरला, दोनदा खोकून दाखवलं आणि उरलेलं पुढच्या शब्बाथवर ढकललं. बाहेर पडताना लोक हाखामांचा हात हातात घेऊन सांगत होते, "इतकं सोपं कधीपासून लिहायला लागलात? सगळं समजलं!" हाखामांना ही स्तुती आहे की शिवी, हे काही कळेना.

आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपताच योमतोवने कपाटातून दोन्ही पुस्तकांची एकेक प्रत काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी उघडली. जोया भेंडीची देठं काढत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली.

"चौतीस वर्षं वाचलं नाहीस, ते चांगलं केलंस, माझ्या पाशा," ती म्हणाली. "एकदाच वाचलंस तर अख्खी वस्ती ख्रिस्ती करून बसलास."

"मी केली नाही! मी तर वाचवली!"

"आणि त्या बिचाऱ्या पास्टरची?"

हे योमतोवच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याने दुसरं पुस्तक ओढलं. पास्टरसाहेबांचं शहाण्णवावं पान म्हणत होतं: 'म्हणून आम्ही हर्षाने जाहीर करितो, की जो येणार होता तो'. आणि सत्त्याण्णवावर हाखाम पितळी आवाजात उत्तर देत होते: 'अजून आलेला नाही.'

जोया हसायला लागली ती थांबेचना. तिने पदरासारखा ॲप्रन तोंडावर धरला आणि भिंतीला टेकून बसली.

रविवारी पास्टरसाहेबांची प्रार्थना आटोपल्यावर योमतोव त्यांच्या दारात उभा राहिला. दार उघडलं.

"आत ये, हे पुस्तके शिवणाऱ्या; दारी का तिष्ठतोस?"

पास्टरसाहेब वाळले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी योमतोवला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि समोर बसून आपला ग्रंथ मांडीवर उघडला. पान सत्त्याण्णव.

"पाहा, तीन आठवडे मला अन्न गोड लागत नाही," ते म्हणाले. "मी आपले पुस्तक वाचावयास बसलो, आणि हे मला आढळले. मी म्हणालो, आर्मासा, हे तू कधी लिहिलेस? गतवर्षी मला ज्वर आला होता. तेव्हा मी लिहिले असावे, असे मला वाटले."

"हे तुम्ही लिहिलेलं नाही, पास्टरसाहेब."

"पण ते फार बळकट आहे!" पास्टरसाहेब कळवळून म्हणाले. "ऐक. 'मशीहा येऊन गेला असता तर मीखाने सांगितल्याप्रमाणे तलवारींचे फाळ झाले असते. ज्याला शंका असेल त्याने खिडकी उघडून पाहावं.' मी खिडकी उघडली. समोर शिपाई बंदूक घेऊन उभा होता. त्याने मला सलाम केला." त्यांनी पान उलटलं. "आणि येथे, जखऱ्याच्या गाढवाविषयी. 'संदेष्टा कवी होता. एकच गोष्ट दोनदा सांगणं ही कवींची रीत आहे. हे न कळल्याने काही लोक एका गाढवाची दोन गाढवं करून बसले आणि उगाच गोठा वाढवला.' मी हसलो. मग मला आठवले, की 'काही लोक' म्हणजे आपणच."

योमतोवने मान खाली घालून पावसाची, पलंगाची आणि न्हाणीच्या ओट्याची हकिगत सांगितली. पास्टरसाहेब ऐकत गेले तसतशी त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत आलं.

"म्हणजे मी वेडा झालो नाही?"

"नाही. मीच गाढव आहे."

"एक की दोन?" पास्टरसाहेबांनी विचारलं, आणि स्वतःच्याच विनोदावर इतके खूश झाले, की त्यांनी योमतोवला आणखी कॉफी ओतली.

हाखामांकडे एकट्याने जायची योमतोवची छाती नव्हती. पास्टरसाहेब सोबत निघाले. वस्तीतल्या चौकात बायका धुणं वाळत घालताना थांबून बघत राहिल्या, की हा उंच परदेशी धर्मगुरू आपल्या बाइंडरला हाताला धरून हाखामांच्या दारात कशाला नेतोय.

हाखामांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काठीच्या मुठीवर बोटं आपटत राहिले. योमतोवला वाटलं, आता काठी उचलणार.

"म्हणजे माझा सातवा फर्मा यांच्या पुस्तकात आहे," ते म्हणाले.

"हो."

"तीनशे प्रतींत."

"हो, हाखाम."

"म्हणजे तीनशे ख्रिस्ती माणसं माझं वाचताहेत?" आवाजात राग होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी लाडूसारखं गोड विरघळत होतं.

"हे गुरुवर्या, मी तुला खोटे सांगणार नाही," पास्टरसाहेब म्हणाले. "दोनशे सत्तर माझ्या पलंगाखाली आहेत."

हाखामांचा चेहरा पडला. मग त्यांना दुसरं सुचलं. "थांबा. माझी तीनशे पुस्तकं दीड महिना घराघरांत आहेत. त्यांत सत्त्याण्णव ते एकशे बारा पानांवर यांचा प्रभू येऊन बसलाय. आणि मला कोणी बोललं नाही? उलट म्हणतात, हातातून ठेववत नाही!"

योमतोवने पुस्तकं परत गोळा करायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून योमतोव हातगाडी घेऊन घरोघर फिरला. "खळ कच्ची राहिलीय, पुस्तकं परत द्या, नीट करून देतो," असं सांगायचं ठरलं होतं. लोकांनी आनंदाने दिली. एकाने ते मेजाच्या लंगड्या पायाखालून काढून दिलं. हाखाम आणि पास्टरसाहेब दोघे कार्यशाळेत येऊन बसले होते. एक आपला ग्रंथ वाचवायला, दुसरे आपला.

योमतोवला पुस्तक वाचायची गरज नव्हती. पाठ पाहिली की ते कुठपर्यंत उघडलं गेलंय ते त्याला कळायचं. पहिली पाच त्याने उघडून बघितली. सहावं बघितलं. मग गप्प झाला.

"काय झालं?" हाखामांनी विचारलं.

"काही नाही."

"योमतोव, मला दिसत नाही, पण ऐकू येतं. तू गप्प बसल्याचं ऐकू येतंय."

"पाठ पहिल्या चार पानांपाशी मोडलीय," योमतोव म्हणाला. "नावांच्या यादीपाशी. सगळ्यांची. आपलं नाव शोधलं आणि मिटलं. पुढचं अजून कडक आहे, जसं मी दिलं तसं."

अकरा वर्षं खपलेला माणूस एका मिनिटात म्हातारा होतो, हे योमतोवने तेव्हा पाहिलं. हाखाम काठीला धरून बसून राहिले. पास्टरसाहेबांनी आपला मोठा पंजा त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"शोक करू नकोस," ते म्हणाले. "माझ्या तीस प्रती बाहेर गेल्या. वाचल्याचे एकाचेही पत्र आले नाही. आमच्या बिशपाने तर मला लिहिले, 'कागद सुरेख आहे.'"

"कागद तुमचा आहे?" हाखामांनी एकदम मान वर केली.

पास्टरसाहेबांनी जीभ चावली. पण आता बोलून चुकले होते.

"म्हणजे माझा मशीहा अकरा फर्मे तुमच्या कागदावर बसून आला?" हाखाम म्हणाले. मग त्यांनी हात झटकला. "जाऊ दे. गाढवावरून यायचंय त्याला. वाहन कोणाचं हे कोणी विचारलेलं नाही."

दोनशे नव्व्याण्णव पुस्तकं परत आली. एक आलं नाही. ते होतं सुलताना अब्रावायाकडे. वस्तीतली सुईण, विधवा, साठीची, हात रुंद आणि बोलणं रोखठोक. योमतोव दोनदा गेला; तिने दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच पुस्तक काखेत धरून कार्यशाळेत आली.

"देणार नाही," ती दारातूनच म्हणाली. "माझ्याकडची खळ चांगली वाळलीय."

योमतोवने तिच्या काखेतली पाठ पाहिली. ती आरंभापासून शेवटापर्यंत मऊ पडली होती. त्याने हळूच सांगितलं, "हाखाम, हिने वाचलंय."

"कुठपर्यंत?"

"सगळं. आत पेन्सिलसुद्धा खोचलीय."

हाखाम उठून उभे राहिले. एखादी राणी आत आल्यासारखे. "बस, सुलताना. बस. जोया, तिला कॉफी दे. मग तुला काही... खटकलं का?"

"खटकलं ना. शहाण्णव पानं तुम्ही म्हणता येणार आहे. मग सोळा पानं म्हणता येऊन गेला. मग परत म्हणता येणार आहे. मी म्हटलं, हाखाम मोठ्या मनाचे दिसतात. विरुद्ध बाजूलाही सोळा पानं बोलू दिलं. मी इथे लिहून ठेवलंय, 'उत्तर कुठे?'"

"उत्तर माझ्याजवळ आहे," पास्टरसाहेब नम्रपणे म्हणाले. "ते माझ्या पलंगाखाली आहे."

तिला खरी गोष्ट सांगावी लागली. ती ऐकून तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बरं झालं, दोघेही सापडलात," ती म्हणाली. "मला दोघांना एकच विचारायचंय. मीखा म्हणतो ना, जिला वेणा येताहेत ती बाळंत होईपर्यंत लोकांना थांबावं लागेल? बेथलेहेमच्या पुढचीच ओळ. ती बाई कोण?"

"सियोन," हाखाम लगेच म्हणाले. "आपलं राष्ट्र. वनवासाच्या कळा सोसणारं. उपमा आहे."

"मरिया," पास्टरसाहेब म्हणाले. "ती उपमा नव्हे. ती खरोखरीची बाई होती."

"मग खरोखरीच्या बाईवर तुम्ही किती ओळी लिहिल्यात, साहेब? मी मोजल्या. तीन. आणि वंशावळीवर चार पानं. आणि हाखाम, तुमचं पुढचं पान तर माझ्याकडे नाही. तुम्ही किती लिहिल्यात?"

हाखामांनी घसा खाकरला. "दोन."

"मी आठशेच्या वर बाळंतपणं केली," सुलताना म्हणाली. "लढाईत शहराला वेढा पडला तेव्हा तळघरात केली, पाण्याविना केली. कळा सुरू झाल्या की बाहेर दोन माणसं हमखास उभी असतात. एक म्हणतो, झालं असेल आता. दुसरा म्हणतो, छे, अजून वेळ आहे. दोघेही मला विचारत नाहीत. आणि आत येऊन पाणी गरम करायला सांगितलं, तर दोघांनाही काम आठवतं."

जोयाने कॉफीचे पेले आणले होते. तिने ते ठेवले आणि सुलतानाच्या शेजारी जागा करून बसली, कामं टाकून.

हाखाम म्हणाले, "सुलताना, व्याकरण असं आहे—"

"व्याकरण मला नका सांगू. मला सांगा, ती बाई मेली की वाचली?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. निदान हाखामांनी पास्टरसाहेब जिथे असावेत तिथे पाहिलं. मग पास्टरसाहेबांनी खिशातून वही काढली आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "हे सुलताने, कळा किती वेळ चालतात, ते मला सांगशील काय? कारण मी ब्रह्मचारी आहे."

त्यानंतर दोन तास कार्यशाळेत जे बोलणं झालं, ते ऐकून योमतोव दोनदा बाहेर जाऊन हवा खाऊन आला. हाखाम प्रश्न विचारत होते. सहा मुलांचे बाप असून त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, असं त्यांनी कबूल केलं. प्रत्येक वेळी ते सिनेगॉगमध्ये जाऊन स्तोत्रं म्हणत बसले होते. मध्येच वाद पेटायचा. मलाखी संदेष्टा म्हणतो मशीहाच्या आधी एलिया संदेष्टा येईल. पास्टर म्हणाले तो आला होता, उंटाच्या केसांची वस्त्रं घालून नदीत बाप्तिस्मा देत. हाखाम म्हणाले, तो आमच्याकडे दर सुंतेला येतो, त्याची खुर्ची मांडलेली असते, तो तुमच्याकडे गेला असता तर आम्हाला सांगून गेला असता. सुलताना म्हणाली, "खुर्ची मी झटकते दर वेळी. बसल्याच्या खुणा नसतात." हाखाम म्हणाले, संदेष्ट्यांना वजन नसतं. बेथलेहेमवरून तर हमरीतुमरी झाली, की तिथेच जन्मायला हवा की नुसतं घराणं तिथलं असलं तरी चालेल. तेव्हा जोया म्हणाली, बेथलेहेम आता तारांच्या पलीकडे आहे. तिथला असेल तर फाटकावर परवान्याशिवाय त्याला इकडे सोडणार नाहीत. पास्टरसाहेब दर नाताळाला त्या फाटकातून ये-जा करायचे. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, की अर्ज तीन प्रतींत करावा लागतो आणि वडिलांचं नाव लिहावं लागतं, तेव्हा अडचण येऊ शकते.

हे ऐकून हाखाम इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

योमतोवने सगळी पुस्तकं उसवली आणि पुन्हा शिवली. त्याला वसंत ऋतू संपेपर्यंत वेळ लागला, कारण आता तो प्रत्येक सातवा फर्मा लावायच्या आधी वाचून बघायचा, आणि पहिलं वाक्य वाचलं की पुढचं काय म्हणतोय ते बघितल्याशिवाय हात चालत नसे. झोमरबाई एकदा आल्या आणि म्हणाल्या, "कास्टेल, तुम्ही बांधताय की अभ्यास करताय?" त्याने त्यांना बसवून होशेयचं एक वचन ऐकवलं. "मिसरातून मी माझ्या मुलाला बोलावलं. हा मुलगा म्हणजे राष्ट्र की एक मुलगा? तुम्हाला काय वाटतं?" झोमरबाईंना काही वाटत नव्हतं. पण त्या जाताना दारात थांबून म्हणाल्या, "क्रियापद भूतकाळात आहे. म्हणजे निदान यावर तरी भांडण नको." आणि गेल्या.

सुलतानाने आपली प्रत शेवटपर्यंत दिली नाही. उलट हाखामांचा खरा सातवा फर्मा तिने मागून नेला आणि स्वतःच्या हाताने, जखमा शिवायच्या टाक्याने, पुस्तकाच्या शेवटी शिवला. योमतोवने तो टाका पाहिला आणि मान्य केलं, की निघणार नाही.

आठवड्यातून एकदा, मंगळवारी, हाखाम आणि पास्टरसाहेब काही ना काही निमित्ताने कार्यशाळेत यायचे. एका मंगळवारी पास्टरसाहेब पाकीट घेऊन आले. फिनलंडच्या एका गावातून, त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी पत्र लिहिलं होतं. त्यांच्याकडे गेलेली प्रत परत मागवायची राहून गेली होती. पास्टरसाहेबांनी पत्र हळूहळू उलगडून सांगितलं.

"ते म्हणतात, 'प्रिय आर्मास, तीस वर्षे तुझे लिखाण मी कर्तव्य म्हणून वाचले. या वेळी सत्त्याण्णवाव्या पानापासून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. तू स्वतःशी असा निर्भयपणे वाद घालशील, असे मला वाटले नव्हते. मी उत्तर लिहावयास घेतले आहे. बारा पाने झाली आहेत.'"

"परत वाचा," हाखाम म्हणाले.

पास्टरसाहेबांनी परत वाचलं.

"खुर्चीत सरळ बसले, असं म्हणतात?"

"सरळ."

हाखाम स्वतःही सरळ बसले. योमतोवने शेल्फवरून पास्टरसाहेबांच्या खऱ्या सातव्या फर्म्याची एक प्रत काढली, तपकिरी कागदात गुंडाळली, सुतळी बांधली आणि विचारलं, "पत्ता सांगा. आज टपालात टाकतो, म्हणजे त्यांचा गैरसमज तरी जाईल."

पास्टरसाहेबांनी हाखामांकडे पाहिलं. हाखाम काठीच्या मुठीवर बोटं आपटत होते, पण या वेळी ताल वेगळा होता.

"इतकी काय घाई आहे?" पास्टरसाहेब म्हणाले. "त्याला आधी बारा पाने पुरी करू दे."

"तेरावं पान झालं की मला वाचून दाखवा," हाखाम म्हणाले. "गाढवांबद्दल काय म्हणतो ते बघू."